पोस्टरात अडकलेले दुकान

वाचकाचे पत्र (वडगाव, बेळगाव): आमचा साड्यांचा तीन पिढ्यांचा व्यवसाय आहे. घरचे माग आता दोनच उरले. बाकीचा माल वडगाव-शहापुरातल्या यंत्रमागवाल्यांकडून घेतो. दोन वर्षांपूर्वी वेबसाइट करून घेतली. कोल्हापूरची, गोव्याची गिऱ्हाइके सांगतात की ती उघडता उघडत नाही. गूगलवर दुकानाचे नाव टाकले तर साइट दिसते, पण ‘बेळगाव साडी’ असे शोधले तर कुठेच सापडत नाही. एक एजन्सी महिना १५ हजार रुपये घेऊन तीन महिन्यांत पहिला क्रमांक मिळवून देण्याची हमी देत आहे. मुलाचे म्हणणे असे की डोमेनमध्ये, म्हणजे साइटच्या पत्त्यातल्या नावात, शहराचे जुने इंग्रजी नाव आहे, ते बदलून नवे घ्यावे. साइट मराठीत असावी, कन्नडमध्ये की इंग्रजीत, यावरही घरात एकमत नाही. आम्ही काय करावे?

उत्तर:

एजन्सीला तूर्त नकार कळवा आणि डोमेन आहे तेच राहू द्या. या दोन्हींची कारणे पुढे देतोच. पण तुम्ही पत्रासोबत साइटचा पत्ता पाठवला होता, त्यामुळे आधी मला तिथे काय दिसले ते सांगतो, कारण तुमच्या दोन्ही तक्रारींचे मूळ एकाच जागी आहे.

तुमचे पहिले पान मी साध्या अँड्रॉइड फोनवर उघडले. त्या एका पानाचे वजन १४ एमबी भरले आणि त्यातले ११ एमबी केवळ पाच पोस्टरांचे होते. दिवाळीच्या, लग्नसराईच्या वेळी छपाईसाठी जी पोस्टर करून घेतली असावीत, तीच जशीच्या तशी साइटवर चढवलेली दिसतात. साड्यांचे प्रकार, दर, दुकानाचा पत्ता, उघडण्या-मिटण्याच्या वेळा, घाऊक मालासाठीचा फोन, असा सगळा मजकूर त्या चित्रांच्या आत रंगवलेला आहे. पोस्टर बाजूला काढली तर पानावर खरीखुरी अक्षरे म्हणून ‘होम’, ‘आमच्याविषयी’, ‘संपर्क’ आणि तळाची स्वामित्वहक्काची ओळ एवढेच उरते. म्हणजे गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवणारी वस्तू आणि गूगलपासून तुमचे दुकान झाकून ठेवणारी वस्तू एकच आहे. हा मजकूर चित्रातून काढून पानावर टाइप करून घेतला, तर साइट हलकीही होईल आणि सापडूही लागेल.

गूगलसारखे शोधयंत्र मुख्यतः पानावरचा मजकूर वाचते. चित्रातली अक्षरे ओळखण्याचे तंत्र आता बरेच पुढे गेले आहे हे खरे, तरीही महत्त्वाचा मजकूर चित्रात कोंबू नये असेच गूगल साइटवाल्यांना सांगत आले आहे. चित्रातल्या ‘नऊवारी’ या शब्दावर भिस्त ठेवून कोणी तुम्हाला शोधून काढील, अशी अपेक्षा धरण्यात अर्थ नाही.

घरबसल्या करता येईल अशी एक परीक्षा सांगतो. तिला तंत्रज्ञ लागत नाही. साइटवरच्या एखाद्या मराठी वाक्यावर बोट दाबून धरा, ते निवडा, कॉपी करा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःच्याच नंबरला पाठवा. वाक्य निवडताच आले नाही, तर ते चित्र आहे. निवडता आले आणि व्हॉट्सअ‍ॅपमध्ये तसेच मराठी उमटले, तर ते युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरपद्धतीत, आहे आणि शोधयंत्राला वाचता येते. निवडता आले, पण व्हॉट्सअ‍ॅपमध्ये इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी उमटली, तर तो मजकूर डीटीपीच्या, म्हणजे छपाईच्या कामाच्या, जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे. तुमच्या ‘आमच्याविषयी’ या पानाचे नेमके हेच झाले आहे. आजोबांनी माग कसा घातला, शहापूरच्या पेठेत माल कसा जाई, हा त्या पानावरचा मजकूर मला फार आवडला. पण तो छापखान्यासाठी टाइप झालेला असल्यामुळे पडद्यावर तो मराठी दिसतो, प्रत्यक्षात मात्र संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची निरर्थक रांग आहे. आपल्या भागात लग्नपत्रिकांपासून पतसंस्थांच्या अहवालांपर्यंत सगळे काम वर्षानुवर्षे अशाच फॉन्टांत होत आले, त्यामुळे ही चूक मला वारंवार भेटते. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने मिळतात. मात्र रूपांतरानंतर रफार आणि जोडाक्षरे एकदा डोळ्यांखालून घाला, कारण गडबड बहुधा तिथेच होते.

आता वजनाचे पाहू. नेट सेकंदाला ४ मेगाबिट या वेगाने चालत असेल तर १४ एमबी उतरायला गणिताने २८ सेकंद लागतात (एका एमबीत ८ मेगाबिट). गोव्याचे तुमचे गिऱ्हाईक चोर्ला घाटाच्या वाटेवर, कणकुंबीच्या आसपास गाडीत बसून साइट उघडत असेल तर तेवढाही वेग त्याला मिळेलच असे नाही. इतका वेळ कोण थांबणार? साड्यांचे तुमचे फोटो ४००० पिक्सेल रुंदीचे आहेत. फोनच्या पडद्यावर त्यातले १२०० पिक्सेलही पुरे होतात. बाकीचे गिऱ्हाइकाच्या डेटातून वाहून जातात. फोटो १२०० पिक्सेल रुंदीचे करून वेबपी या प्रकारात साठवले, तर चार-पाच एमबीची फाइल साधारण दीड-दोनशे केबीवर येते आणि डोळ्याला फरक जाणवत नाही.

यावर तुम्ही म्हणाल की साडीच्या धंद्यात काठाची वीण आणि पदराची जर स्पष्ट दिसलीच पाहिजे. ते मान्यच आहे. त्यासाठी प्रत्येक साडीचा एक मोठा फोटो वेगळा ठेवावा आणि गिऱ्हाइकाने लहान फोटोवर बोट ठेवले तरच तो उतरावा, अशी सोय करून घ्यावी. दुकानात आपण दारात आलेल्या प्रत्येकासमोर सगळी कपाटे रिकामी करत नाही, मागेल ती घडी मोडून दाखवतो, इथेही तसेच. पानाच्या खालच्या भागातले फोटो वाचक तिथवर पोहोचल्यावरच उतरतील, अशी ‘लेझी लोडिंग’ची सोय आता ब्राउझरमध्येच असते. ती पानाच्या सर्वांत वरच्या मोठ्या फोटोला मात्र लावू नये, कारण मग जे आधी दिसायला हवे तेच मागे पडते. तुमच्या साइटवर नेमके उलटे झाले आहे: वरचे पोस्टर उशिरा येते आणि तळाचे छापील बिलाचे चित्र, ज्याची कोणाला गरज नाही, ते आधी उतरते.

गूगल पानाचा अनुभव तीन मापांनी मोजते. पानावरचा सर्वांत मोठा घटक, म्हणजे बहुधा मुख्य फोटो, २.५ सेकंदांच्या आत दिसावा, हे पहिले माप. त्याला एलसीपी म्हणतात. बोट लावल्यावर पानाने २०० मिलिसेकंदांच्या आत प्रतिसाद द्यावा, हे दुसरे. मार्च २०२४ पासून त्यासाठी आयएनपी हे माप वापरले जाते. तिसरे सीएलएस, म्हणजे पान उघडताना मजकुराने किती उड्या माराव्यात याची मर्यादा, आणि ती ०.१ आहे. ही मापे खऱ्या भेटींवरून, मागच्या २८ दिवसांच्या नोंदींतून काढतात आणि शंभरातल्या किमान ७५ भेटींत ती पाळली गेली तर पान चांगले मानतात. लहान साइटला तेवढ्या भेटी नसल्या तर खऱ्या नोंदी दिसत नाहीत, मग पेजस्पीड इनसाइट्स या गूगलच्याच फुकट साधनातल्या प्रयोगचाचणीवर भागवावे लागते. त्या चाचणीत शंभरपैकी शंभर गुण मिळवण्याच्या मागे कृपया लागू नका. काही मंडळी त्या हिरव्या वर्तुळासाठी महिनोन्महिने झटतात आणि तोवर साडीचा दर पानावर लिहायचाच राहून जातो.

पान उड्या मारते म्हणजे काय, ते तुमच्याच साइटवर पाहता येते. साडीच्या खालचे हिरवे व्हॉट्सअ‍ॅपचे बटण मी दाबायला गेलो, तेवढ्यात वरचे पोस्टर उतरले, सगळे पान खाली सरकले आणि माझे बोट ‘ऑफर बंद करा’वर पडले. प्रत्येक चित्राची लांबी-रुंदी कोडमध्ये आधीच लिहिली असती तर ब्राउझरने त्याच्यापुरती जागा राखून ठेवली असती. दुसरे कारण फॉन्टचे आहे. तुमच्या साइटवर देवनागरीचे चार वेगवेगळे शोभेचे फॉन्ट उतरतात. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टच्या फाइली रोमनपेक्षा सहसा जड असतात. शीर्षकासाठी एक ठेवा आणि बाकी मजकूर फोनमध्ये असलेल्याच देवनागरीत येऊ द्या. तो वाचायला उत्तम असतो आणि त्याला उतरायचेच नसते.

सर्व्हर आणि प्लगइन, म्हणजे साइटला जोडलेल्या जादा सोयी, यांबद्दल थोडक्यात. तुमचे होस्टिंग, म्हणजे साइट ज्या सर्व्हरवर ठेवली आहे ती जागा, अमेरिकेतले आहे, त्यामुळे प्रत्येक विचारणेला समुद्रापार जाऊन यावे लागते. पुढच्या नूतनीकरणाला मुंबईतला सर्व्हर मागा, पृष्ठे तयार ठेवणारे कॅशिंग सुरू करून घ्या आणि आपोआप फिरणारा चित्रांचा स्लायडर, उगवत्या ऑफरची खिडकी व भेट देणाऱ्यांची संख्या मोजणारा तो आकड्यांचा डबा, हे तिन्ही काढून टाका. त्यांच्यावाचून एकही साडी विकायची राहणार नाही.

शोधाकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट तपासून घ्या, कारण ती माझ्याच हातून चुकली आहे. साइट तयार होत असताना ती अर्धवट अवस्थेत लोकांना सापडू नये, म्हणून वर्डप्रेस या साइट बांधण्याच्या साधनात ‘शोधयंत्रांना परावृत्त करा’ अशा अर्थाची एक चौकट असते. तिच्यावर खूण करून ठेवतात आणि साइट सुरू झाल्यावर ती काढायची असते. एका ओळखीच्यांच्या साइटवर मी ती काढायला विसरलो आणि चार महिने आम्ही दोघेही गूगलला दोष देत बसलो. तुमची पूर्ण साइट अशी बंद नाही, कारण नाव टाकल्यावर ती दिसते; परंतु साड्यांची स्वतंत्र पाने गूगलच्या नोंदीत नाहीत असे मला आढळले. गूगल सर्च कन्सोल हे साधन फुकट आहे. त्यात साइटची नोंद करा, सर्व पानांची यादी म्हणजे साइटमॅप द्या आणि कोणते पान का वगळले आहे ते तिथेच वाचा. हेही ध्यानात असू द्या की गूगल आता साइटची मोबाइलवर दिसणारी आवृत्तीच वाचते. साड्यांचे जे वर्णन तुमच्याकडे संगणकावर दिसते आणि फोनच्या आवृत्तीतून वगळलेले आहे, ते जमेस धरले जात नाही.

आता गावाच्या नावाचा प्रश्न. तो आपल्याकडे नुसता तांत्रिक नाही, पण मी इथे तेवढ्यापुरताच बोलतो. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी झाले. बोलताना आपण बेळगाव म्हणतो. हिंदी भाषक बेलगाम लिहितात. रोमन लिपीत जुने आणि नवे अशी दोन्ही रूपे चालू आहेत. गिऱ्हाईक शोधताना आपल्या तोंडी असलेले रूप टाइप करते आणि त्याला तसे करण्याचा पूर्ण अधिकार आहे. गूगलला ही रूपे एकाच शहराची आहेत हे बऱ्याच अंशी कळते, तरीही ती पानावर सहजपणे आलेली असावीत. पत्त्याच्या ओळीत बेळगावी, मजकुरात बेळगाव, इंग्रजी पानावर एकदा जुने आणि एकदा नवे, एवढे पुरते. तळाशी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत सगळी रूपे पन्नास वेळा लिहिण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. ती फसवणूक धरली जाते. मालाच्या नावांचेही तसेच आहे. आपण इरकल म्हणतो, बागलकोटकडचे लोक इलकल म्हणतात, दोन्ही लिहा. साडीला आपल्याकडची वयस्क बाई लुगडे म्हणते, तिची पुण्यातली नात नऊवारी शोधते.

म्हणून प्रत्येक प्रकाराला स्वतःचे पान द्या आणि त्याच्या शीर्षकात ‘होम’ किंवा ‘प्रॉडक्ट १७’ असे न लिहिता काय आहे ते लिहा: ‘सुती नऊवारी साडी, लाल काठ, वडगाव बेळगाव’. खाली चार-सहा वाक्ये माणसाने माणसाला सांगितल्यासारखी असू द्या. लांबी ९ वार म्हणजे सुमारे ८.२ मीटर, सूत कोणते, रंग पहिल्या धुण्यात जातो का, काठ विणलेला की जोडलेला, दर किती, कोल्हापूरला पार्सल किती दिवसांत पोहोचते. हीच विचारणा तुम्हाला दिवसातून दहा वेळा फोनवर होते; ती उत्तरे तुमच्या तोंडपाठ आहेत आणि तीच शोधली जातात. फोटोला ‘आयएमजी ००४३’ असे नाव न ठेवता त्याच्या ऑल्ट मजकुरात, म्हणजे फोटोमागे कोडमध्ये लिहायच्या मजकुरात, एका ओळीत वर्णन द्या. साड्या चित्रांच्या शोधातूनही सापडतात, शिवाय दृष्टिहीन वाचकाला पान ऐकता येते. पानाचा पत्ता मात्र रोमन अक्षरांत आणि आखूड ठेवा, कारण देवनागरी पत्ता कॉपी केला की त्याची टक्क्याच्या चिन्हांनी भरलेली वीतभर शेपूट होते आणि व्हॉट्सअ‍ॅपवर कोणी त्याला हात लावत नाही.

भाषेचा वाद घरात मिटण्यासारखा आहे, कारण तिन्ही भाषा ठेवता येतात. मात्र एका पानावर तिन्हींची सरमिसळ नको. मराठीचे पान, कन्नडचे पान, इंग्रजीचे पान वेगळे, प्रत्येकाचा पत्ता वेगळा, आणि ‘एचरेफलँग’ या खुणेने तिन्ही पाने परस्परांना जोडलेली असावीत. ही खूण दोन्ही बाजूंनी नसेल तर ती धरली जात नाही. भाषा बदलणारे यांत्रिक भाषांतराचे बटण पुरेसे नाही, कारण त्यातून स्वतंत्र पान तयार होत नाही आणि भाषाही अनेकदा हास्यास्पद होते. दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नडचा नियम आहे म्हणून साइटवरही अक्षरे मोजायची गरज नाही. तुमच्याकडे माल न्यायला धारवाड-हुबळीचे व्यापारीही येत असतील. त्यांच्यासाठी कन्नड पान करा आणि ते घरात कन्नड शाळेत शिकलेले कोणी असेल तर त्याच्याकडून लिहून घ्या. सगळी पाने एकदम होत नसतील तर आधी मराठी पूर्ण करा. मराठीत साडीविषयी नेटके लिहिलेली पाने मला कमीच दिसतात, तिथे तुमची वाट मोकळी आहे.

डोमेन बदलू नये, याचे कारण असे की डोमेनमध्ये गावाचे कोणते रूप आहे याला शोधात फारसे वजन नाही, पण बदलण्याचा खर्च मात्र खरा आहे. जुन्या प्रत्येक पत्त्यावरून नव्या पत्त्यावर कायमची वळवणी लावावी लागते आणि ती किमान वर्षभर ठेवावी लागते. छापलेल्या पिशव्या, पावत्या, पाहुण्यांच्या फोनमधले दुवे वेगळेच.

एजन्सीच्या हमीबद्दल गूगलचे स्वतःचे म्हणणे स्पष्ट आहे: पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही. अशा हमीच्या पोटात बऱ्याचदा विकत घेतलेले दुवे असतात, म्हणजे कुठल्यातरी निकामी साइटवरून तुमच्याकडे बोट दाखवायचे. हे नियमाविरुद्ध आहे आणि त्याचा भुर्दंड एजन्सीला नाही, तुमच्या साइटला बसतो. वर सांगितलेले काम हे एकदाचे काम आहे. एखाद्या जाणत्या मुलाला ठरावीक रक्कम बोलून द्या आणि आधीचे व नंतरचे आकडे लेखी मागा. सुधारणा शोधात दिसायला चार महिने ते वर्ष लागू शकते, तेव्हा आठव्या दिवशी त्याला धारेवर धरू नका.

पैसे न लागणारे आणि लगेच उपयोगी पडणारे एक काम राहिले. गूगल मॅप्सवरच्या तुमच्या दुकानाच्या नोंदीवर अजून कोणी हक्क सांगितलेला नाही आणि तिची खूण तुमच्या गल्लीत नसून मागच्या गल्लीत पडली आहे. ती नोंद स्वतःच्या नावावर करून घ्या. त्यासाठी बहुधा दुकानाचा व्हिडिओ मागतात. नाव पाटीवर आहे तेवढेच लिहा, त्याला ‘बेस्ट साडी शॉप’ असे शेपूट जोडू नका. फोन नंबर साइटवर आहे तोच द्या, सुट्टीचे दिवस भरा, मागाचा एक फोटो अवश्य टाका. ‘माझ्या जवळचे साडी दुकान’ असा शोध घेणाऱ्याला आधी नकाशाच दिसतो.

आणि हे सगळे कोणाच्याही हाती सोपवण्यापूर्वी डोमेनची नोंद कोणाच्या नावावर आणि कोणत्या ईमेलवर आहे ते पाहा. मी पाहिले तेव्हा तिची मुदत संपायला अकरा आठवडे उरले होते. साइट करून देणाऱ्याच्याच ईमेलवर ती असेल, तर मुदतीची सूचना त्याला जाईल, तुम्हाला नाही. त्याला आज फोन करा.